डमीने चहा आणायचा

त्या माणसाने माझ्या हातात रिकामा कप दिला आणि म्हणाला, "एक अजून. साखर कमी."

आमच्या क्लबात त्या रविवारी आंतरक्लब ब्रिज स्पर्धा होती. तो पाहुणा अलिबागकडून आलेला. पांढरी पॅन्ट, पांढरे बूट. त्याची चूक नव्हती. माझ्या हातात ट्रे होता. ट्रे धरलेल्या माणसाकडे बघून जे वाटायचं, ते त्याला वाटलं.

माझे पार्टनर अप्पासाहेब मोठ्याने हसले. "अहो पाहुणे, हे आमचे सर! कॉलेजात गणित शिकवतात. माझे पार्टनर आहेत." पाहुणा ओशाळला. कप परत घ्यायला त्याने हात पुढे केला. तेवढ्यात अप्पासाहेब म्हणाले, "राहू द्या हो. सर आणतील. आणाल ना सर? चहा फक्कड आणतात हं आमचे सर."

सगळे हसले. मीही हसलो. आणि गेलो.

किटलीतल्या चहात साखर आधीच असते. म्हणून मी रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात गेलो आणि एक कमी साखरेचा करून घेतला. उकळी येईपर्यंत उभा राहिलो. कप रुमालात धरून आणला. पाहुणा "थँक यू सर" म्हणाला. यातल्या 'सर'ने मला बरं वाटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण बरं वाटलं होतं.

आता क्लबाबद्दल सांगतो. महाडात नदीच्या अंगाला कौलारू बैठं घर आहे. पुढे ओटा, आत चार टेबलं, भिंतीला टीव्ही. भिंतीवर संस्थापकांचे फोटो आहेत, तेही पुराचं पाणी पोचणार नाही इतक्या उंचीवर. पूर आला तेव्हा टेबलं तरंगली, संस्थापक कोरडे राहिले. नंतर आतला चिखल माझ्या विद्यार्थ्यांनी उपसला. मीच घेऊन गेलो होतो त्यांना. त्याबद्दल माझा सत्कार झाला आणि मला सभासद करून घेतलं. आमच्या समाजाचा पहिला सभासद, असं अध्यक्षांनी भाषणात दोनदा सांगितलं. मी मान खाली घालून टाळ्या ऐकल्या. नम्रता वाटली असेल लोकांना.

मी मूळचा नाते गावाजवळच्या बौद्धवाडीतला. ब्रिज शिकलो तो कॉलेजच्या वसतिगृहात, एका जुन्या पुस्तकावरून. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं जोडीदार. आधी बोली लागते. जी जोडी बोली जिंकते तिच्यातला एकच जण खेळतो. दुसऱ्याने आपले पत्ते टेबलावर उघडे मांडायचे आणि गप्प राहायचं. त्याचे पत्तेही जोडीदारच खेळतो. या गप्प राहणाऱ्याला डमी म्हणतात. पाळी सगळ्यांवर येते, त्यात कमीपणा काही नाही.

पहिल्याच संध्याकाळी अप्पासाहेबांनी मला पार्टनर घेतलं. शहरातलं मोठं नाव. जमीन, दुकानं, आणि क्लबाची जागा त्यांच्या आजोबांनी दिलेली. मी पत्ते मांडले तसे ते म्हणाले, "सर, आपल्या क्लबाचा एक नियम आहे. डमीने चहा आणायचा." आतल्या खोलीत किटली आणि कप होते. मी उठलो. क्लबाचे रिवाज असतात. पुस्तकात ते नसतात. मी पुस्तकातून आलेला माणूस, मला रिवाज शिकायचेच होते.

मग रोज तेच. माझ्या हातात इस्पिकची रांग असो, मी बोली लावली की अप्पासाहेब वरून 'नो ट्रम्प', म्हणजे हुकुमाशिवायची बोली, लावणार, खेळ स्वतःकडे घेणार. म्हणजे डमी मी. म्हणजे चहा मी. विरुद्ध जोडीतले वकीलसाहेब डमी झाले की ओट्यावर सिगारेट ओढत. डॉक्टर डमी झाले की टीव्हीवर स्कोअर बघत. मला वाटायचं, चहा झालाय म्हणून ते आणत नाहीत. मी गणित शिकवतो. एका बाजूने रोज चहा येतो, दुसऱ्या बाजूने कधीच येत नाही, हे मला दिसलं नाही असं नाही. मी ते मांडलं नाही.

खेळता खेळता चर्चा चालत. कोणता आमदार कुठल्या पक्षात गेला, परत का आला. मग क्रिकेट. मग क्रिकेटवरून तिथेच.

"खेळात बघा, बॅट बोलते," अप्पासाहेब म्हणत. "तिथे मेरिट. बाकी देशात कुठे राहिलंय मेरिट?"

आणि लगेच माझ्याकडे वळून, "सर, तुम्हाला नाही हं म्हणत. तुम्ही स्वतःच्या हिमतीवर आलात."

मी पत्त्यांत बघायचो. जागा ज्यांच्या आजोबांची, त्यांचं मेरिट जमिनीच्या उताऱ्यावर असतं, हे वाक्य मला तेव्हाच सुचायचं. तेव्हा म्हटलं नाही. घरी येऊन बायकोला ऐकवायचो. ती म्हणायची, "मला कशाला? त्यांना सांगा."

वर्षातून एकदा तळ्यावर अभिवादनाला क्लबातर्फे हार जातो. गाडीत हार मांडीवर घेऊन मीच बसतो. फोटोत मला अध्यक्षांच्या शेजारी उभं करतात. माझ्या आजोबांच्या हातचं पाणी यांच्या आजोबांना चाललं नसतं. माझ्या हातचा चहा चालतो, हवा तसा, साखर कमी करून. याला प्रगती म्हणतात, असं मीही कधी वर्गात सांगितलं असेल.

हे सगळं मी गिळलं असतं. पाहुण्याचा तो कपही गिळलाच होता. पण पुढच्या आठवड्यात मुलगी सुट्टीला घरी आली.

ती पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. ब्रिज तिला मी शिकवला. शाळेत होती तेव्हापासून. मी, ती, बायको आणि शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर, असे चौघं रविवारी बसायचो. मी तिला बोली शिकवली, मोजणी शिकवली, समोरच्याच्या न खेळलेल्या पत्त्यावरून त्याचा हात कसा ओळखायचा ते शिकवलं. क्लबातल्यासारखं खेळायचं, असं मी म्हणायचो. त्यात मला अभिमान होता. आमच्या घरात क्लबातल्यासारखा ब्रिज चालतो.

जेवताना ती हसत हसत सांगू लागली. कॉलेजांच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली होती. मोठा हॉल, सगळीकडे हिरवी टेबलं. पहिल्याच डावात ती डमी झाली. पत्ते मांडले आणि उठली.

"समोरची मुलगी म्हणाली, कुठे निघालीस? मी म्हटलं, चहा आणायला. कोण कोण घेणार? बाबा, सगळं टेबल हसायला लागलं. पंच धावत आले. मी म्हटलं, डमी आहे ना मी. तर ते म्हणाले, अगं बाळ, हे तुला कोणी शिकवलं?"

ती हसतच होती. तिला ती गंमत वाटत होती. पोरं चिडवतात म्हणे तिला अजून, चहा आण म्हणून.

"मग मी नियम वाचले पूर्ण," ती म्हणाली. "असा नियमच नाहीये, बाबा. कुठेच नाहीये. तुम्हाला कोणी..."

तिथे ती थांबली. माझं तोंड बघून थांबली असेल. ती हुशार आहे, न खेळलेल्या पत्त्यावरून हात ओळखायला मीच शिकवलंय तिला.

"तुम्ही तिथे आणता?" तिने विचारलं.

मी भात कालवत राहिलो.

बायको पोलादपूरच्या डोंगरातली. तहसीलात कारकून आहे, बोलते व्यवस्थित. पण आतून काही हललं की माहेरची बोली येते.

"यात नवीन काय हाय?" ती म्हणाली. "मला काय कळत नाय व्हय? तुमच्या सदऱ्यावर चहाचे डाग मीच धुते. क्लबातल्या बाकीच्यांच्या बायकांना असे डाग धुवावे लागत नायत." मग हळू आवाजात, "एकच विचारते. कप पण धुता काय तिथं?"

विसळून ठेवतो, असं सांगणार होतो. विसळणं आणि धुणं यात फरक आहे, असंही सांगणार होतो. जिभेवर आलं होतं. ही माझी विद्वत्ता.

मुलीने ताट उचललं आणि आत गेली. माझंही ताट उचलायला परत आली. मी म्हटलं, "राहू दे, मी उचलतो." ती म्हणाली, "बसा हो, बाबा." त्या 'बसा'त दया होती. अपमान मला सवयीचा झाला होता, त्या दयेची सवय नव्हती.

माझ्यावर लादलं ते लादलं. पण ते मी नियम म्हणून घरी आणलं. स्वच्छ धुऊन, खेळाच्या पिशवीत घालून, लेकीच्या हातात दिलं. त्यांनी एकट्याला वाकवलं होतं. पुढची पिढी मी वाकवून दिली. फुकटात, रविवारी.

दुसऱ्या संध्याकाळी क्लबात गेलो. टीव्हीवर मॅच होती. अप्पासाहेब, वकीलसाहेब, डॉक्टर बसलेले. पत्ते वाटले. माझ्याकडे इस्पिक चांगले होते. बोली लावली. अप्पासाहेब वरून म्हणाले, "तीन नो ट्रम्प." मी पत्ते मांडले. रंगाप्रमाणे चार रांगा, सरळ. पाठ खुर्चीला टेकली.

ते माझ्या पत्त्यांकडे बघत म्हणाले, "सर, चहा."

मी बसून राहिलो.

"सर?"

"बसलोय."

वकीलसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "काय हो, पाय दुखतात का?"

"नाही."

"मग?"

"डमीने चहा आणायचा असा नियम नाही," मी म्हटलं. "मी माझ्या मुलीला चुकीचा शिकवला होता. तिने बरोबर वाचून मला सांगितलं. म्हणून इथे सांगतोय."

डॉक्टर उगाच पत्ते लावू लागले. अप्पासाहेब हसले. ते चिडत नाहीत. त्यांना कधी चिडावं लागलेलं नाही.

"अहो सर, एवढं काय मनाला लावून घेता? त्या पाहुण्याचं डोक्यात आहे होय? इथे तुम्हाला कोणी चहावाला समजतं का? आमच्या घरच्यासारखे तुम्ही."

"घरी मी आणतोच चहा," मी म्हटलं. "घरी सगळेच आणतात."

टीव्हीवर कोणाची तरी विकेट पडली आणि तिघांनी इतक्या आनंदाने माना तिकडे वळवल्या, की मला त्या फलंदाजाची दया आली. डाव अप्पासाहेब हरले. त्याचं मला सुख झालं नाही, पत्ते वाईट बसले होते. चहा कोणीच आणला नाही. निघताना आतल्या खोलीत डोकावलो. किटली तशीच होती, कप पालथे, कोरडे. चौघांना तहान होती. तिघांना उठता येत नव्हतं.

तेव्हापासून क्लबाच्या ग्रुपवर दुपारीच मेसेज येतो. 'आज चौघं झाले आहेत.' माझ्या जागी दुसराच कोणी असतो, माझं नाव कोणी घेत नाही. अध्यक्ष रस्त्यात भेटले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, थोडे दिवस जाऊ द्या. वातावरण निवळू द्या." माझ्याच समाजातले एक मित्र म्हणाले, "राजीनामा फेक तोंडावर, आपण वेगळा क्लब काढू." मनाला पटण्यासारखं आहे. राजीनाम्याचा मसुदा मनात तयारही झाला, भाषा चांगली जमली होती. पण माझ्या राजीनाम्याने कोणाची अडचण होणार नाही. त्यांची अडचण होते ती माझ्या बसण्याने.

म्हणून मी रोज जातो. चौघं बसलेले असतात. मी पाचवी खुर्ची आणतो. पाचवा आला की डाव संपल्यावर पत्ते कापायचे, ज्याचं पान सगळ्यात लहान तो उठणार, हा नियम खरा आहे आणि कुठल्या आजोबांचा नाही. डाव संपतो. मी गड्डी टेबलाच्या मधोमध ठेवतो आणि म्हणतो, "कापा." कधी ते कापतात. कधी घड्याळ बघून उठतात. एकदा खेळच मोडला, चौघं घरी गेले आणि मी दिवे घालवून निघालो. दिवे घालवणंही त्या रात्रीपासून माझ्याकडे नाही.

लाज गेलेली नाही. जाणारही नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही. पुण्यातला तो हॉल मी पाहिलेला नाही. तरी माझी मुलगी पत्ते मांडून खुर्ची मागे सरकवते, तो आवाज मला ऐकू येतो. वर्गात ऐकू येतो, जेवताना येतो. क्लबाच्या पायऱ्या चढताना तर हमखास येतो.

तो ऐकतो, आणि माझी खुर्ची टेबलाकडे ओढून घेतो. पाहिजे त्याने चहा आणावा. मी उठणार नाही.