चार वाजून पाच मिनिटांची दारू

दारू सापडायच्या आधीच मी ती सापडल्याचा पंचनामा लिहून घेतला. नोकरी संपली, तरी ती दुपार आठवली की कान गरम होतात.

दिल्लीतल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रमुख होतो. इथे त्या कागदाला 'फर्द' म्हणतात. मी शेवटपर्यंत पंचनामाच म्हणत राहिलो. आमची एक जुनी वाईट खोड होती. छाप्याच्या जागी लिहीत बसायला नको म्हणून मजकूर ठाण्यातच तयार ठेवायचा.

या खोडीवर एक वकीलबाई टपून असायच्या. मराठवाड्यातून स्पर्धा परीक्षेसाठी आमच्या हद्दीतल्या मुनिरका वस्तीत भाड्याच्या खोलीत आल्या, परीक्षा हुकली, वकील झाल्या आणि तिथेच राहिल्या. माझे तीन आरोपी त्यांनी सोडवले. एकदा भर कोर्टात त्यांनी विचारलं, "साहेब, मुसळधार पावसात उघड्यावर बसून लिहिलंत म्हणता. कागदावर एक थेंब नाही?" न्यायाधीशांनी तोंडावर रुमाल धरला. गल्लीत मात्र बाईंचं नाव झालं, आणि त्या विधानसभेला उभ्या राहिल्या.

मतदानाला दोन दिवस असताना त्यांच्या घरमालकाचा फोन आला. वकीलबाईंच्या कचेरीत दारूची अकरा खोकी आहेत, त्याने डोळ्यांनी पाहिलीत. मला इतका आनंद झाला की खबर पडताळायचं सुचलंच नाही. ठाण्याच्या लेखनिकाला, मुन्शीला, मजकूर सांगितला: अकरा खोकी, विदेशी दारू, वेळ चार वाजून पाच मिनिटं. सहीसुद्धा ठोकली.

आम्ही पोहोचलो तेव्हा दारात विरोधी उमेदवाराची माणसं फोन उगारून उभी होती. आमच्याआधी ती कशी आली, हाही प्रश्न मला पडला नाही. आत भिंतीला लागून अकरा खोकी, प्रत्येकावर दारूचं नाव छापलेलं. माझ्या हरयाणवी हवालदाराने एक उचलून पाहिलं.

"साहब, ये तो भारी है. और कुछ खनकता भी नहीं."

"तू उठा, ज्ञान मत दे," मी म्हणालो.

खोकं उघडलं. फायली निघाल्या. दुसऱ्यातही फायली. अकराच्या अकरांत पक्षकारांची कागदपत्रं. प्रचाराला वरची खोली हवी म्हणून बाईंनी बांधून खाली आणून ठेवलेली. मुनिरकात खोली बदलणारं प्रत्येक पोर पुस्तकं दारूच्याच खोक्यांत भरतं. फुकट मिळतात आणि तळ फाटत नाही. माझ्या घरी माळ्यावर तशी चार होती.

"झडतीच्या कागदाची प्रत मला द्यायची असते," बाई म्हणाल्या आणि माझ्या हातातला कागद ओढून वाचू लागल्या. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार झाले होते.

"साहेब, दारू चार वाजून पाचला सापडणार आहे. अजून वीस मिनिटं आहेत. चहा टाकू?"

मी कागद परत मागितला. फाडून टाकावा असं मनात होतंच.

"फाडलात तर दुसरा गुन्हा," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला तुमची माफी नको. बाहेर ते फोन घेऊन उभे आहेत ना, त्यांच्यासमोर मोठ्याने सांगा. आत कुजबुजलात तर आज संध्याकाळपर्यंत मी दारूवाली होईन."

मी दारात उभा राहिलो आणि दोनदा सांगितलं की इथे दारू नाही, फायली आहेत, चूक माझी. दुसऱ्यांदा सांगितलं, कारण मागचे म्हणाले ऐकू आलं नाही.

मग घरमालकाला ठाण्यात बसवलं. तासभर तो 'मैंने तो बस डिब्बे देखे' एवढंच घोकत होता. मी सहज म्हटलं, जड होते हो फार. तो लगेच म्हणाला, "और क्या जी, कागज़ का वजन. सीढ़ी पर मैंने ही तो हाथ लगवाया था." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. कचेरीची जागा त्याला विरोधी उमेदवाराला द्यायची होती; बाई जागा सोडत नव्हत्या. खोट्या खबरीबद्दल त्याच्यावर कारवाई झाली. रोजनामच्यात मी माझी चूकही नोंदवली आणि रीतसर ताकीद पदरात पाडून घेतली.

एवढं शिकलो: नावडत्या माणसाची वाईट बातमी आली की आपण ती तपासत नाही, ओवाळून घरात घेतो. अशा वेळी आधी खोकं उचलून बघावं. निदान उचलणाऱ्याचं ऐकावं.

बाई निवडून आल्या. माझ्या निरोप समारंभाला आमदार म्हणून आल्या, समोसे खाल्ले, मला शाल दिली. एका तरुण अधिकाऱ्याने त्यांना आदराने विचारलं, "मॅडम, वकिलीतून विधानसभेपर्यंत कशा पोहोचलात?"

बाईंनी अर्धा समोसा माझ्याकडे रोखला.

"पंचनामे यांनी लिहिले. मी फक्त वाचले."