भाऊजींची जीभ

माझ्या ताईचा नवरा चहाच्या कंपनीत चव घ्यायच्या कामावर होता. रोज सकाळी साठ-सत्तर वाट्या ओळीने मांडायच्या, चमच्यातून फुर्रकन घोट ओढायचा, तोंडात घोळवायचा, पिंपात थुंकायचा आणि सांगायचं, हा घ्या, हा नको. भाऊजींच्या एका शब्दावर ट्रकच्या ट्रक चहा आत यायचा किंवा परत जायचा. मी त्यांना चमचेसाहेब म्हणायचो. मेहुणा आहे मी, तेवढा हक्क आहे माझा. बावीस वर्षं मी त्यांच्या टकलाची, चालीची, त्या फुर्रफुर्रची टिंगल करत आलो. त्यांनी एकदाही राग धरला नाही.

त्यांच्या कामाच्या खोलीचा एक नियम होता. पहिला घोट भाऊजींचा. ते बोलेपर्यंत बाकीच्यांनी ब्र काढायचा नाही. हा नियम त्यांच्या मागोमाग घरीही आला होता. ताईची भाजीसुद्धा आधी त्यांच्या ताटात पडायची. मला याचा भयंकर वैताग यायचा. इकडे पोटात कावळे ओरडतायत आणि हे आपले डोळे मिटून बसलेत!

आपला संघ पहिल्यांदाच फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पोचला होता. त्या सामन्याच्या दुपारी आम्ही ताईकडे जमलो. कंपनीने सुट्टी दिली होती. क्वार्टर्समध्ये वरच्या मजल्यावर राहणारे मॅनेजर आणि त्यांची बायको खाली आले होते, कारण त्यांचा टीव्ही नेमका त्याच दिवशी बंद पडला. मी बंदरावर कारकून. एका जहाजाच्या इंजिनियरने मला एलच्या दोन बाटल्या दिल्या होत्या. एल म्हणजे बिअरच, पण विलायती, गडद, भारदस्त. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून मी त्या चार महिने खिडकीत मांडून ठेवल्या होत्या. उन्हाने त्यांची वाट लागेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मध्यंतराला बरोबरी होती. मी पाच ग्लास भरले. अर्थातच सगळे थांबले. भाऊजींनी बाटलीमागचा मजकूर वाचला, ग्लास उजेडात धरला, घोट घेतला, डोळे मिटले.

"वा! आधी भाजलेल्या धान्याचा वास, मग मधासारखा थोडा गोडवा, शेवटी कडसर. उत्तम माल आहे."

मग आम्ही प्यायलो. फरशी पुसायचं ओलं फडकं पुठ्ठ्यात आठवडाभर गुंडाळून ठेवावं, तसा वास. मॅनेजरांनी घोट कसाबसा गिळला, ग्लासाकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान. वेगळं आहे." त्यांची बायकोही म्हणाली, वेगळं आहे. एवढा जाणकार माणूस उत्तम म्हणतोय, तर आपलीच जीभ अडाणी, असं वाटलं असणार त्यांना.

माझ्या ओठांवर वाक्य तयार होतं : चमचेसाहेब, हे गटारातून भरून आणलंय का? तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या ताईकडे लक्ष गेलं. ती माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होती. नको, नको. तेव्हा मला उलगडलं. मागच्या वर्षी भाऊजींना मोठा ताप आला होता, त्यातच त्यांना वास येणं बंद झालं असणार! वास गेला की चव कुठली राहायला? इतके महिने हिने झाकून ठेवलं होतं, आणि भाऊजी नुसत्या रंगावर आणि अंदाजावर चहा पास करत होते. सोमवारी वर्षभराची खरेदी होती. नोकरी गेली असती तर हे घरही कंपनीचंच.

"मस्त आहे, भाऊजी," मी म्हणालो.

सामना पुन्हा सुरू झाला. आपल्या संघाने गोल केला, मॅनेजर खुर्चीवरून उडाले. भाऊजी मात्र उठून माझ्याजवळ आले.

"आज टिंगल नाही केलीस."

"अहो, मस्तच होतं म्हणून..."

"बावीस वर्षांत तू माझ्या कशालाही मस्त म्हणालेला नाहीस. खरं सांग. काय लागलं?"

माझ्याच्याने खोटं बोलवेना. "ओला पुठ्ठा."

त्यांनी मान डोलावली. "पुठ्ठा म्हणजे जुनं झालंय. ऊनही लागलं असेल."

ते मॅनेजरांकडे वळले तशी ताई आडवी आली. "अहो, आज नको. निदान सामना तरी संपू दे."

"सोमवारी खरेदी आहे. माझ्या शब्दावर साहेबांनी ही घाण गिळली आणि छान म्हणाले. आता अजून किती लोकांना गिळायला लावू?"

ते मॅनेजरांना बाहेरच्या पॅसेजमध्ये घेऊन गेले. दोन मिनिटंच लागली. मॅनेजर आत आले, आमच्याकडे न बघता त्यांनी बायकोला खूण केली आणि दोघं वर निघून गेले. सामन्याची दहा मिनिटं उरली होती आणि वर त्यांच्याकडे टीव्ही चालू नव्हता.

आपण जिंकलो. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, लोक गच्च्यांवर नाचायला लागले. ताईने टीव्ही बंद केला आणि तोंड फिरवून रडत राहिली. मला स्वतःची लाज वाटत होती. भाऊजी टेबलापाशी बसले, मॅनेजरांनी अर्धवट टाकलेला ग्लास त्यांनी उचलला आणि एका दमात संपवला.

"अहो, ओतून टाका ना ते," ताई म्हणाली.

"इतक्या लांबून आलंय, टाकायचं कशाला? आता मी एकटाच हे पिऊ शकतो."

आणि त्यांनी ताईचा ग्लास पुढे ओढला.