पावण्यांना द्यायची उत्तरं

माझी मुलगी सायकलवरून मंडईत जायची आणि चालत घरी यायची. कोथिंबीर आणायला पाठवलं तर घेवडा आणायची आणि सायकल तिथंच विसरायची. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं भांड्यांचं दुकान होतं. भाजीवाली मावशी तिथं येऊन ओरडायची, "शेट, तुमची सायकल आमच्याकडं मुक्कामाला हाय की!" गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचो आणि घरी गेलो की पोरीवर तोंड सोडायचो.

नव्वद सालानंतरच्या या गोष्टी. तिची आई लवकर गेली. त्यामुळे तिचं लहानपण पाहिलेला माणूस म्हणजे मी एकटाच. पुढचं सगळं याच्यावरच अडलं.

पोरगी बोलायला चुणचुणीत, म्हणून नोकऱ्या पटकन लागायच्या. सुटायच्याही तशाच. एकीकडे कपाटाच्या किल्ल्या हरवल्या, दुसरीकडे तातडीचं पत्र आठ दिवस पर्समध्येच राहिलं. सव्विसाव्या वर्षी ती वर्तमानपत्राच्या पुरवणीतलं कात्रण घेऊन माझ्यासमोर बसली.

"आबा, वाचा. ह्यात मीच हाय."

काही मुलांचं लक्ष जन्मापासूनच एका जागी ठरत नाही, मोठेपणीही ते तसंच राहतं, त्याला एडीएचडी म्हणतात, असं त्यात लिहिलं होतं. तिनं स्वतःच शाहूपुरीतल्या मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. त्यांनी शाळेची प्रगतिपुस्तकं आणि लहानपणापासून ओळखणारं घरचं माणूस घेऊन यायला सांगितलं होतं.

नेमकं त्याच महिन्यात कोडोलीचं एक स्थळ सांगून आलं होतं. त्याआधी पाच-सहा वेळा आमच्या सोप्यात पाहुणे बसून, पोहे खाऊन गेले होते. त्यांना द्यायची उत्तरं मला पाठ झाली होती. मुलगी शांत आहे. घरकामाला वाघ. आजवर कुणाची तक्रार नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "लहानपणी वस्तू हरवायची का?"

"छे! सगळं जिथल्या तिथं."

"एका जागी बसायची?"

"तासन् तास."

मुलगी माझ्याकडं बघतच राहिली. "आबा, सायकल..." ती हळूच म्हणाली.

"एखाद्या वेळी कोण विसरत नाही?" मी डॉक्टरांकडं बघून हसलो.

"आणि प्रगतिपुस्तकं?"

"रद्दीत गेली."

ती माझ्या कपाटात होती, तिच्या आईच्या शालूखाली. डॉक्टर म्हणाले, लहानपणापासूनच्या खुणा असल्याशिवाय मला ठाम काही सांगता येणार नाही. त्यांचं काही चुकलं नाही. मी जे सांगितलं त्यावरच ते बोलले.

बाहेर येऊन मी स्कूटर सुरू केली, पण ती बसेना. "आबा, त्यो डाक्टर हुता. पावणं न्हवतं." थोड्या वेळानं म्हणाली, "म्हंजे मी नुसती आळशीच म्हणायची."

मी म्हणालो, "बस मागं. लोक बघाय लागल्यात."

कोडोलीच्या स्थळाला तिनंच नकार दिला. पुढच्या महिन्यात नोकरी धरून ती पुण्याला गेली. सुरुवातीला रविवारी फोन यायचा, मग सणाला, मग माझी तब्येत विचारण्यापुरता. मंडईत गेलो की सायकलींच्या रांगेत माझी नजर अजून आमची निळी सायकल शोधते. ती तर घरातच जिन्याखाली उभी आहे, हे ठाऊक असूनही शोधते. एवढी वर्षं जिच्यावर ओरडत आलो, ती हात हलवत चालत येणारी पोरगी मला एकदा तरी बघायची होती.

चार वर्षांनी फोनवर ती सहज बोलून गेली, "इथं दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतीया. लहानपणाबद्दल सांगणारं कोण हाय का विचारलं. न्हाय म्हणून सांगितलं मी."

फोन ठेवल्यावर मी कपाट उघडलं. दहा प्रगतिपुस्तकं. 'हुशार आहे, लक्ष नाही.' 'वर्गात जागेवर बसत नाही.' 'वह्या हरवते, पालकांनी भेटावे.' प्रत्येक शेऱ्याखाली माझी वळणदार सही. त्याच दुपारी तिच्या पुण्याच्या डॉक्टरांना पत्र लिहायला बसलो. सायकल लिहिली, घेवडा लिहिला. आणि जे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं तेही लिहिलं. ती सहावीत असताना अभ्यासाला एका जागी बसावी म्हणून मी तिच्या वेणीची लाल रिबन खिडकीच्या गजाला बांधली होती. तासाभरानं पाहिलं, तर मान वाकडी करून ती चिमण्या मोजत होती. मी आणखी एक गाठ मारली. शेवटी लिहिलं, 'डॉक्टरसाहेब, शाहूपुरीत मी खोटं बोललो होतो.' पत्र आणि पुस्तकं रजिस्टर पोस्टानं तिच्या पत्त्यावर पाठवली.

नवव्या दिवशी फोन आला.

"आबा, पोचलं." मग कागद चाळल्याचा आवाज आला. "रिबिनीचं बी लिवलंयसा की."

"व्हय."

"मला वाटलं, तुमी इसरला असशीला."

"इसरायचं काम तुझं. माझं न्हाय."

ती हसली. हसता हसता तिचा आवाज फुटला. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा निकाल मिळणार, एवढं तिनं सांगितलं. कोल्हापूरला कधी येणार ते ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

फोन ठेवून मी जिन्याखालची सायकल बाहेर काढली. दोन्ही चाकांत हवा नव्हती.