आमचे खानदानी उंदीर

उंदरांच्या लॅबमध्ये नोकरी म्हटली की किस्से साठतातच. माझ्याकडे जरा जास्त साठले, कारण घरी ते मागणारी होती. माझी बायको, सुनंदा. तिला तिच्या भावाची किडनी बसवली होती. शरीरानं ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू, गर्दीत जायला बंदी. खालापूरहून मी दहिवलीला घरी पोचलो की पहिला प्रश्न, "आज काय झालं?"

आता मागणारं कुणी नाही, तर लिहून काढतोय.

लॅबमध्ये तपासत होतो तेही तसलंच औषध. रक्त जिथं तयार होतं, त्या हाडातल्या मगजावर त्याचा काय परिणाम होतो, ते उंदरांवर बघायचं.

*

एकदा तपासणीला एक साहेब आले. आमच्या तोंडावरचे मास्क बघून म्हणाले, "वास फार येतो का?"

उंदरांचं सगळं बघणारा आमचा कोंडाण्याचा दिनेश म्हणाला, "वास नाय सायेब. यांची ताकद औषधानं कमी झालीय. तुमची सर्दी त्यांना व्हायला नको!"

साहेब शिंकले होते नुकतेच. काचेबाहेरूनच तपासणी झाली.

सुनंदाला हे फार आवडलं. त्यानंतर भेटायला येणाऱ्याला ती दारातच मास्क द्यायची. "घाला. उंदरांचा नियम आहे!"

*

पळसदरीचे एक काका पिंजऱ्यात दोन जाडजूड उंदीर घेऊन गेटवर आले.

"तुमी म्हनं विकत आनता. आमच्या शेतात फुकट हायेत."

दिनेश म्हणाला, "काका, आमचे खानदानी हायत. पिढ्यान्‌पिढ्या समदे एकसारखे."

"आनि करता काय त्यांचं?"

"औषध देतो."

"काय रोग झालाय?"

"रोग नाय. धडधाकट हायत."

"रोग नाय तर औषध कशापायी रं?"

"तुमच्यासाठी, काका."

"मला काय झालंय!" म्हणत काका पिंजरा उचलून तरातरा निघून गेले.

*

आमच्या मॅडम उंदरांच्या मगजाच्या स्लाइड वाचायच्या. कुठला उंदीर कुठल्या गटातला, हे त्यांना आधी सांगायचं नाही, अशी पद्धत. एकदा मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणाल्या, "अहो, यात पेशी आहेत कुठे?"

दिनेश डोकावला. "मॅडम, हे तर सुगी संपल्यावरचं खळं!"

मॅडम इतक्या हसल्या की रिपोर्टात तसंच लिहिणार होत्या.

हा किस्सा मी घरी सांगितला नाही. सुनंदाच्या पांढऱ्या पेशी त्याच आठवड्यात कमी यायला लागल्या होत्या.

*

पुढं तिच्या पेशी फारच उतरल्या. डॉक्टर म्हणाले, गोळी काही दिवस बंद करून बघू. पेशी वाढतील, पण किडनी टिकेलच असं सांगता येत नाही. तुम्ही ठरवा.

आमच्याकडे उंदरांचा एक गट असा असतो, ज्याचं औषध थांबवून पुढं काय होतं ते बघतात. नेमका त्याच दिवशी त्यांचा रिझल्ट आला. मी जवळजवळ पळतच घरी गेलो. चपला न काढताच सांगितलं, "अगं, औषध बंद केलं आणि मगज पुन्हा भरला! सगळ्यांचा!"

ती गवार मोडत बसली होती. "बरं झालं हो," म्हणाली. "जीव वाचले बिचाऱ्यांचे."

दोन-चार शेंगा मोडून झाल्यावर तिनं वर बघितलं.

"त्यांच्यात कुणाच्या भावाची किडनी होती का हो?"

तिनं हात पदराला पुसला आणि पुढं केला.

"द्या. गोळीची वेळ झाली."