प्लगचा वास

तुमचे फटफटीआजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर, प्रत्येक गोष्ट आधी नाकाला लावून पाहत. आज फोडणी करपली, हे ते फाटकातूनच सांगत. मुलगी पाहायला गेले तेव्हा त्यांनी पोह्यांची बशी हुंगली आणि तेल खवट असल्याचे मुलीच्या वडिलांना सांगून टाकले. ते लग्न जुळले नाही आणि पुढेही कुठे जुळले नाही. मग ते आमच्याच घरी राहिले. हिंगण्याच्या कारखान्यात फिटर होते आणि सुटीच्या दिवशी मातीवरच्या शर्यतीत फटफटी उडवत.

ती गाडी तुम्ही फोनवर पाहिली आहे. मागच्या अंगणात उभी असते, तिला दिवा नाही, स्पीडोमीटर नाही, टायर मात्र ट्रॅक्टरसारखे. जुनी टू-स्ट्रोक. तिला पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून द्यावे लागते, म्हणून धूर निळसर निघतो आणि त्याला गोडसर, जळका वास असतो. दोरीवरच्या साड्यांना तो वास लागला की मी चिडत असे. ते म्हणत, "वहिनी, असं अत्तर बाजारात भेटत नाही."

गाडी अडली की ते इंजिनातला ठिणगीचा प्लग काढून हुंगत. पेट्रोल पोचते का, ऑईल जास्त झाले का, सारे त्यांना त्यावरून कळे. "प्लग खोटं बोलत नाही," हे वाक्य तुमच्या बाबालाही पाठ आहे, कारण तो याच गाडीवर शिकला. टाकी भरण्याआधी ते पेट्रोलची कॅनही हुंगत. मिसळलेले पेट्रोल शिळे झाले तर गाडी ते पीत नाही, असे सांगत.

करोनाच्या साथीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ते तापाने इस्पितळात गेले आणि निम्मे होऊन परत आले. आता करपलेल्या भाजीलाही नावे ठेवीनात. मला वाटले, आजाराने माणूस मवाळ झाला. पावसाळा सरल्यावर त्यांनी शेडमधली कॅन काढली, सवयीने हुंगली, मान डोलावली आणि टाकी भरली. गाडी सुरू झाली नाही.

तुमचा बाबा डिसेंबरात घरी येणार होता. तो येईल तेव्हा गाडी फाटकाशी चालू उभी पाहिजे, एवढेच त्यांना हवे होते. नवा प्लग घातला, ठिणगी पाहिली, कार्बोरेटर उघडून धुतला, सायलेन्सरमधली काजळी जाळली. किक मारून मारून पाय सुजला. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून म्हणाले, "काहून जीव काढून राहिला गा? भंगारवाल्याले देऊन टाक ना." भाऊजींनी विचारले, "तुह्या सासऱ्याचा गुडघा चालत नाही, त्याले देलं का भंगारात?" त्यानंतर मात्र त्यांनी कुणाला उत्तर देणे सोडले. दिवाळी आली नि गेली. माझाच हात गेला, असे ते अधूनमधून पुटपुटत आणि पुन्हा प्लग काढत.

एका दुपारी पुढच्या खोलीत मला दूध जळाल्याचा वास आला. धावत स्वयंपाकघरात गेले तर भाऊजी शेगडीजवळच पाठमोरे बसलेले, हातात प्लग. मागे पातेले काळे झाले होते. मी गॅस बंद केला, त्यांच्या हातातला प्लग घेतला आणि हुंगला. रंगाच्या जुन्या डब्यासारखा वास होता. पेट्रोल शिळे आहे, असे मी म्हटले. त्यांनी पाहिले होते, चांगले होते, असे ते म्हणू लागले आणि पातेल्याकडे बघून थांबले.

"तापापासून मले कशाचाच वास नाही येत, वहिनी," ते म्हणाले. "वाटलं, येईल परत."

दुसऱ्या दिवशी ताजे पेट्रोल आणले. ऑईल त्यांनी मिसळले, कॅन मी हुंगली. दुसऱ्याच किकला गाडी गरजली. शेजारचे धावत बाहेर आले आणि त्यांनी कुंपणापलीकडून हात जोडले. अंगण निळ्या धुराने भरले. भाऊजी वाकले, सायलेन्सरजवळ तोंड नेले आणि छाती भरून श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

"वास येऊन राहिला का, वहिनी?"

येतोय, मी म्हटले. कसा, त्यांनी विचारले. पूर्वीसारखाच, याखेरीज मला काही सांगता आले नाही. त्यांनी इंजिन बंद केले. धूर दोरीवरच्या साड्यांपर्यंत पोचला होता. ते तिकडे पाहत होते.

"चिडा ना, वहिनी."

मी दोरीवरच्या साड्या एकेक करून काढू लागले.

डिसेंबरात तुमचा बाबा आला तेव्हा फाटकाशी गाडी नव्हती. ती मागे पोत्याखाली झाकलेली होती. तूच सुरू करून पाहा, असे त्याला सांगून भाऊजी खोलीत गेले आणि दार लोटून घेतले. होळीच्या आधी ते वारले.

अजूनही दोरीवरचे कपडे काढताना मी एखादी साडी नाकाला लावून पाहते. साबणाचा वास येतो.