तोंडावर म्हणाल का?

आमच्या गल्लीला पक्कं ठाऊक आहे की माझ्या आत्याला सत्तेतल्या पक्षाकडून पाकीट येतं. ती एका वर्तमानपत्रात आहे. साइटवर बातमीखाली लोक जे लिहितात, त्यातलं काय ठेवायचं नि काय उडवायचं, हे ती ठरवते. म्हणून तिचं नाव कात्री.

साफ खोटं. ती विरोधकांचंही तितकंच छाटते. पक्षपात करायला माणूस आवडावा लागतो, आणि आत्याला कुणीच आवडत नाही. मीसुद्धा.

तिची पद्धत भयंकर आहे. ती शिवी गुपचूप उडवत नाही. लिहिणाऱ्याला फोन लावते आणि त्याचंच वाक्य सपाट आवाजात त्याला वाचून दाखवते. सुट्टीच्या दिवशी हे घरून, स्पीकर लावून चालतं, म्हणून मला पाठ आहे.

"नमस्कार. 'ही बातमीदार बाई विकली गेलीय, हिला चौकात झोडा.' हे आपलंच ना?"

"हो... म्हणजे..."

"विकली गेली, हे कशावरून?"

"सगळेच म्हणतात, मॅडम."

"थांबा, त्या बातमीदार बाईंनाच लाइनवर घेते. तोंडावर म्हणा."

टूं टूं टूं. हा आवाज मी सगळ्यात झकास काढतो.

घरीही तेच. मास्तर मूर्ख आहेत म्हटलं की, "कशावरून?" बाबा तर पुढाऱ्यांचा उद्धार न्हाणीघरात नळ सोडून करतात.

मग निवडणुकीच्या तोंडावर, एका सुट्टीच्या दिवशी, तिच्याच पेपरवर एक प्रतिक्रिया आली: 'मंत्र्यांच्या सभेत खुर्च्या रिकाम्या होत्या. तुम्ही जुन्या सभेचा फोटो छापलात.'

पाठोपाठ संपादकांचा फोन. ते नाकातून बोलतात. "ताई, तेवढी उडवा. आपल्याच ताटात माती कशाला? नाहीतर उद्या येऊ नका."

आत्याने लिहिणाऱ्याला फोन लावला. "रिकाम्या होत्या, कशावरून?"

"खुर्च्या माझ्याच हो. भाड्याने मीच देतो. घडी न मोडता परत आल्या."

"संपादकांच्या तोंडावर म्हणाल?"

"द्या फोन."

तिने मागच्या वर्षीचा अंक उघडला. तोच फोटो, पहिल्या रांगेत तोच जांभई देणारा टकलू.

"उडवशील तू," मी म्हटलं. "लोकांना उपदेश करणं सोपं. नोकरी आली की सगळ्यांची दातखीळ बसते."

"पैज लावतोस?"

"लावतो."

हरलो तर ती घरी असेल तेवढा वेळ तिचा चहा मी करायचा. ती सकाळी जाते ती दिवेलागणीलाच येते. म्हटलं, एखादा कप, माझ्या बापाचं काय जातं!

तिने प्रतिक्रिया छापली. शिवाय तिच्याखाली पेपरच्या नावाने एक ओळ घातली: 'वाचकाचं म्हणणं खरं आहे.'

संपादक पहिल्यांदाच नाक सोडून तोंडाने ओरडले. फोन तिच्या कानाला होता, तरी मला स्वयंपाकघरात ऐकू आले. आत्या म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

आता ती दिवसभर घरीच असते. चहा तिला कडक लागतो, आणि दर तासाला लागतो.