तानुबाईचा नवा खुबा

नवऱ्यानं शिव्या घातल्या तर तानुबाईला काही वाटत नसे. तो गोड बोलू लागला की मात्र ती सावध होई. त्याला कारण होतं. चोविशीची ही बाई मेंढरांमागं चालतच मोठी झाली होती आणि मेंढक्याची माया तिला चांगली ठाऊक होती. लंगडी मेंढी बाजाराला न्यायची ठरली, की तानुबाईचा नवरा बिराप्पा त्या मेंढीला आधी बाभळीच्या शेंगा चारायचा, ओढ्यावर धुवायचा, पाठीवरून हात फिरवायचा. गिऱ्हाइकाला ती धडधाकट दिसली की झालं!

त्यामुळं शहात्तर साली बिराप्पा तिला नवं लुगडं देऊन म्हणाला, "तुला मिरजेला न्हेतो, तितं खुबा बदलत्यात म्हनं," तेव्हा ती मनातून हबकली. वर त्यानं या कामासाठी काही मेंढरंही विकली होती. बायकोच्या हाडासाठी मेंढरं विकणारा मेंढका तिनं तरी पाहिला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी ती बिऱ्हाडाच्या घोड्यावरून पडली होती. हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्या, पण खुब्याचं हाड आतल्या आत कुजत गेलं. पाऊल टाकलं की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. दिवाळी सरली की जतकडची मेंढरं कृष्णाकाठाला निघतात, आणि ज्याला चालवत नाही त्याला गावात ठेवून जातात. सासू रंगूबाई तोंडावर म्हणायची, "तळावर चालतीफिरती बाई पायजे. हिचं काय लोणचं घालायचं?" बिराप्पा आपल्याला मागं टाकून दुसरी करणार, दवाखाना हे नुसतं निमित्त, अशी तानुबाईची खात्रीच झाली.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यातही तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. डॉक्टरांनी चकचकीत धातूचा सांधा दाखवला, तर हिनं विचारलं, "कुनाच्या अंगातनं काढलाय ह्यो?"

"नवा कोरा आहे, बाई," डॉक्टर हसले.

बाजारातले दलालही हसूनच बोलतात, असं तिच्या मनात आलं. तरी तिनं अंगठा उठवला. आणखी बिघडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ऑपरेशन झालं आणि काही दिवसांनी तिला कुबड्यांवर उभं केलं. तिनं दात आवळून पाय टेकला. जुनी कळ आली नाही. तिला हुंदका आवरेना. पण डॉक्टरांनी लगेच बजावलं: उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही. झालं! मग चुलीपुढं बसायचं कसं, शेळीची धार काढायची कशी? सासूला आणखी एक कारण मिळालं, म्हणायचं.

शेजारच्या खाटेवर माधवनगरची बनाबाई होती. म्हातारीचा पाय मोडला होता, जीभ शाबूत होती. "दादला येत न्हाई गं तुजा?" ती रोज विचारायची.

"येत्याल की सवडीनं," तानुबाई म्हणायची आणि भिंतीकडं बघायची.

दसऱ्याच्या सुमारास तो आला. दाढी केलेली, डोक्याला नवा पटका, आणि कपाळावर लाल कुंकू, अर्धवट पुसलेलं.

"कुटनं आलासा?"

"बिरोबाला गेलतो. तुज्यासाटनं."

बिरोबाला गेलेला माणूस कपाळभर पिवळा भंडारा लावून येतो. कुंकू लावतात ते मुलगी बघायला आलेल्या पाहुण्याला. तानुबाईला हे सांगायला कुणाची गरज नव्हती. पण तिनं पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

दवाखान्यातून सोडलं तोवर दिवाळी होऊन गेली होती. दोघं इस्लामपूरच्या अलीकडं एका फाट्यावर एस.टी.तून उतरले. ऊस तोडलेल्या रानात मेंढरं बसवली होती, इथून दिसत होती. बिराप्पा गठुडं घेऊन निघाला. तानुबाई काठी टेकून जागीच उभी राहिली.

"आदी सांगा. पोरगी कुटली?"

बिराप्पाचा चेहरा उतरला. "आटपाडीकडली," तो म्हणाला. "आईनं लय धोशा लावलेला. गेलतो. त्येंनी कुकू लावलं, च्या दिला."

आपला संशय खरा निघाला याचं कुणाला सुख होतं!

"मग?"

"पोरीच्या बापानं इचारलं, पयली कुटं हाय? म्हनलं, मिरजंला, खुबा बदलाया. तर म्हनला, म्हंजी ती चालनार हाय?"

"तुमी काय म्हनलासा?"

"व्हय म्हनलं. तर म्हनला, मग माजी पोरगी कशाला न्हेतोस?" बिराप्पा ढेकळांकडं बघत राहिला. "खरंच हुतं त्येचं, तानू. च्या पिऊन उटलो."

तिला रडू आलं आणि त्याच्या पाठीत काठी घालावीशीही वाटली. एवढी साधी गोष्ट याला परक्या माणसानं सांगावी लागली!

"आन त्येनं इचारलं नसतं तर?"

बिराप्पानं गठुडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. खोटं बोलायची हीच वेळ होती, आणि खोटं त्याला जमायचंही.

"ठावं न्हाई," तो म्हणाला.

तानुबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती त्याच्या पुढं होऊन मेंढरांच्या दिशेनं चालू लागली. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. तो मागून येतोय ना, याच्याकडं मात्र तिचे कान लागले होते.